टुनगॅबी: वेस्टमीडच्या पाठीमागचा ओढा

गेल्या वर्षी नव्याच्या सणानंतरच्या एका रविवारी आमच्यापैकी काही कुटुंबे वेस्टमीड येथे एका घरी जमली होती. जेवणे आटोपल्यावर मुले मोठ्या इस्पितळाच्या उत्तरेकडील झाडीत फिरावयास गेली, आणि परत आल्यावर त्यांतील एका लहानग्याने विचारले, "आजोबा, तिकडे खाली पाणी वाहतंय. त्याचं नाव काय?" बसलेल्यांपैकी कोणी या भागात दहा वर्षे काढलेली, कोणी तीस. एकालाही सांगता आले नाही. कोणी म्हणाले, पावसाचे पाणी नेणारे गटार असावे. कोणी म्हणाले, पॅरामॅटा नदीच असेल. दोन्ही उत्तरे चुकीची होती, आणि गंमत अशी की दोहोंत थोडे तथ्यही होते.

तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. ज्या समाजाची आडनावेच गावांवरून पडली, आणि ज्यांची ती गावे बहुधा खाडीच्या नाहीतर नदीच्या काठी होती, त्या समाजाला आपल्या परसामागच्या पाण्याचे नाव ठाऊक नसावे हे आम्हांस बरे वाटले नाही. रोहेकरांचे रोहे कुंडलिकेच्या एका तीरावर, अष्टमकरांची अष्टमी समोरच्या तीरावर, आणि तेच पाणी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रास मिळते तेथे चेऊलकरांचे चौल. आडनावे तीन, नदी एकच. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत, एवढेच त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. परंतु भरतीची वेळ, खाजणाची बांधबंदिस्ती, कोणत्या महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते, याचेही ज्ञान त्यांना असलेच पाहिजे. त्याविना कोकणात संसार होत नसे.

असो. त्या ओढ्याचे नाव टुनगॅबी क्रीक.

'क्रीक' या शब्दाने आमच्या लोकांचा घोटाळा होतो. मुंबईत ठाणे क्रीक म्हणजे ठाण्याची खाडी. खारे, भरती-ओहोटीचे, तिवरांनी वेढलेले पाणी. ऑस्ट्रेलियात मात्र गोड्या पाण्याच्या लहान प्रवाहासही क्रीकच म्हणतात. आपण ज्याला ओढा किंवा कोकणात व्हाळ म्हणतो, तो. पॅरामॅटा येथे या दोहोंमधील सीमा बोटाने दाखविता येते. सिडनीच्या बंदरातून निघालेली फेरी बोट चार्ल्स स्ट्रीटच्या धक्क्याला लागते, त्याच्या लगेच वर एक बंधारा आहे. भरतीचे पाणी तेथपर्यंत येते आणि थांबते. बंधाऱ्याच्या खाली आपल्या अर्थाची खाडी, वर गोडे पाणी. त्या गोड्या पाण्याच्या काठाने पॅरामॅटा पार्क ओलांडून वर चालत गेले की नदी संपते, किंवा खरे म्हणजे तेथे ती सुरू होते. कारण तेथे दोन ओढ्यांचा संगम आहे. उत्तरेकडून येतो तो डार्लिंग मिल्स क्रीक, आणि पश्चिमेकडून वेस्टमीडला वळसा घालून येतो तो टुनगॅबी.

या दोन आयांचे स्वभाव निराळे आहेत. डार्लिंग मिल्स वालुकाश्माच्या खडकाळ दऱ्यांतून उतरतो. टुनगॅबी येतो तो चिकणमातीच्या सपाट मुलखातून, ज्यास कंबरलँडचे मैदान म्हणतात. म्हणून त्याचे पाणी थोडे गढूळ असावयाचेच. गढूळपणा आणि घाण या एक गोष्टी नव्हेत. त्यास येऊन मिळणाऱ्या लहान ओढ्यांची नावे वाचली तर आमच्या वाचकांस आपल्याच पत्त्यांची यादी वाचल्यासारखे वाटेल: ब्लॅकटाउन क्रीक, पेन्डल क्रीक, ग्रेस्टेन्स क्रीक, आणि वेंटवर्थविलकडून वेस्टमीडच्या कडेने उत्तरेस येणारा फिन्लेसन्स क्रीक. पश्चिम सिडनीच्या या उपनगरांतील आमच्या घरांच्या छपरांवर पडणारा बराचसा पाऊस अखेर याच अरुंद पात्रातून, इस्पितळाच्या पाठीमागून, समुद्राकडे जातो.

येथील मूळ रहिवासी धारुग भाषा बोलणारे. पॅरामॅटाच्या परिसरातील त्यांच्या कुळास बरामट्टगल म्हणत. 'बरा' म्हणजे ईल नावाचा सापासारखा लांब मासा. त्यावरून जेथे हे मासे विसावतात ती जागा बरामट्टा, आणि इंग्रजांच्या तोंडी तिचे झाले पॅरामॅटा. येथील रग्बी संघाचे नाव ईल्स कसे पडले, असे आमची मुले विचारतात, त्याचे उत्तर हे आहे. तो संघ विसाव्या शतकातला. ते नाव त्याहून किती पिढ्या जुने, याची गणती नाही.

हा मासा आपल्या वामेच्या जातकुळीतला. महाराष्ट्राच्या नद्यांत त्याचा सख्खा भाऊ आढळतो व त्यास अहीर म्हणतात. येथे आमच्या समाजाची एक जुनी कथा आठवल्यावाचून राहत नाही. दावीद राहाबी कोकणात आले तेव्हा हे लोक खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आमच्या बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. आणि बायकांनी पर व खवले असलेले मासे घेऊन बाकीचे बाजूस सारले, असे सांगतात. ज्याच्या अंगावर खवला दिसत नाही असा हा ईल आमच्या आज्यांनी निःसंशय बाजूलाच सारला असता. परंतु जे ताटात चालत नाही ते पाण्यातही नसावे, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. या ओढ्याची कथा तर त्या बाजूस सारलेल्या माशावाचून सांगताच येत नाही.

कारण त्याचे जीवन विलक्षण आहे. लांब पराचा ईल जन्मतो तो दूर उत्तरेस, न्यू कॅलेडोनियाच्या बाजूच्या प्रवाळ समुद्रात. तेथून पानासारखे चपटे पिल्लू समुद्राच्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याने दक्षिणेस येते, काचेसारखे पारदर्शक होऊन नद्यांच्या मुखांत शिरते, आणि मग गोड्या पाण्याकडे चढू लागते. ओल्या खडकावरून, बंधाऱ्याच्या भिंतीवरील शेवाळावरून, प्रसंगी भिजलेल्या गवतावरूनही ते सरपटत जाते. वर कोठे तरी एक डोह पकडते व तेथे वर्षानुवर्षे राहते. माद्या तर कैक दशके राहतात आणि माणसाच्या उंचीच्या होतात. नंतर एखाद्या अंधाऱ्या, पावसाच्या रात्री, ओढ्यास पाणी चढले असता, ती परत फिरते, सुमारे दोन हजार किलोमीटर पोहून जन्मस्थानी जाते, अंडी घालते व मरते. वेस्टमीडच्या मागील डोहात पडून असलेला ईल हा असा परदेशात जन्मलेला, येथे वाढलेला प्राणी आहे. स्थलांतरितांच्या पत्रिकेत याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

२ नोव्हेंबर १७८८ रोजी गव्हर्नर फिलिप यांनी आजच्या पॅरामॅटा पार्कमधील नदीच्या वळणावर रोझ हिल नावाची वसाहत स्थापली. सिडनीच्या बंदराकाठची रेताड जमीन धान्य देईना आणि सैनिक व कैदी अर्धपोटी होते, हे त्याचे कारण. गोडे पाणी व चिकणमाती यांनी त्यांना येथे ओढून आणले. १७९१ मध्ये वसाहतीस पॅरामॅटा हे नाव मिळाले व त्याच वर्षी टुनगॅबी ओढ्याच्या काठी सरकारी शेत काढण्यात आले. कैद्यांकडून झाडे तोडवून तेथे मका व गहू पेरला गेला. टुनगॅबी या शब्दाचा अर्थ पाण्याजवळची जागा असा सांगितला जातो.

त्याच १७९१ सालची एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. बरामट्टगल कुळात बॅलोडेरी नावाचा एक तरुण होता. नदीत मासे धरून तो पॅरामॅटाच्या गोऱ्या लोकांस विकी, आणि मोबदल्यात पाव वगैरे जिन्नस घेई. दोन्ही पक्षांस सोयीचा असा हा सरळ व्यापार होता. एके दिवशी काही कैद्यांनी त्याची होडी फोडून टाकली. झाडाची साल काढून, वाकवून, बांधून केलेली होडी. त्याचे घर व दुकान जे काही म्हणावे ते तीच. गव्हर्नरांनी अपराध्यांस शिक्षा केली, परंतु बॅलोडेरीचे समाधान झाले नाही. त्याने आपल्या समाजाच्या न्यायाने एका कैद्यास भाल्याने जखमी केले. मग तोच अपराधी ठरला व त्यास वसाहतीत येण्यास बंदी झाली. वर्ष संपण्यापूर्वी तो आजारी पडून मरण पावला, आणि फिलिप यांनी त्याला सिडनीत आपल्या बागेत पुरण्यास जागा दिली. होडी फोडणाऱ्यांनी केवळ होडी फोडली नाही. या पाण्यावर दोन लोकांनी एकत्र नांदण्याची जी एक वाट निघाली होती, ती त्यांनी बुजविली, असे आमचे मत आहे.

पुढचे प्रसंग वाचकांनी इतरत्र वाचले असतील. पेमुल्वुय या बिजिगल योद्ध्याने १७९७ मध्ये टुनगॅबीच्या सरकारी शेतावर हल्ला केला, नंतर पॅरामॅटात गोळ्या लागून तो पकडला गेला, पायांत बेडी असतानाच इस्पितळातून निसटला, आणि १८०२ मध्ये मारला गेला. शेताच्या कुंपणामागे कंदमुळांची जमीन व पाण्याची वाट गेली, हे त्या युद्धाचे मूळ.

त्याच काळात या झाडोऱ्याकडे प्रेमाने पाहणारा एक इंग्रज पॅरामॅटात राहत होता. जॉर्ज केली हा सर जोसेफ बँक्स यांनी वनस्पती गोळा करण्यास पाठविलेला माणूस १८०० मध्ये आला व दहा वर्षे राहिला. स्वभावाने भांडखोर, गव्हर्नरांशीही त्याचे पटत नसे. परंतु मूवॅट्टिन नावाच्या धारुग मुलास बरोबर घेऊन तो रानोमाळ हिंडला, आणि निलगिरीच्या निरनिराळ्या जातींना येथील लोक कोणत्या नावांनी ओळखतात हे त्याने त्या मुलाकडून ऐकून टिपून ठेवले. पांढऱ्या खोडाची सगळी झाडे आम्हांस सारखीच दिसतात; मूवॅट्टिनला प्रत्येकाचे नाव ठाऊक होते. १८१० मध्ये तो केलीबरोबर इंग्लंडला गेला व परत आला. १८१६ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. त्याच्या मदतीने गोळा केलेले पुष्कळ नमुने मात्र इंग्लंडला पोहोचले.

एकोणिसाव्या शतकातील हकीकत थोडक्यात उरकतो. संगमाच्या खाली १८२१ मध्ये स्त्री-कैद्यांचा कारखाना उभा राहिला. तेथेच पुढे वेड्यांचे इस्पितळ झाले व त्यासाठी नदीत बंधारा पडला. उत्तरेच्या ओढ्यावर पिठाची गिरणी निघाली व गव्हर्नर डार्लिंग यांचे नाव गिरणीला आणि गिरणीचे ओढ्याला मिळाले. त्याच्या उपनदीवर १८५६ मध्ये पातळ कमानीचा दगडी बांध घालण्यात आला. जगातील अशा बांधांपैकी तो अगदी आरंभीचा. त्याचा तलाव आजही आहे. गव्हर्नरांच्या राखीव जमिनीचा काही भाग सार्वजनिक उद्यान झाला व उरलेला १८५९ पासून तुकडे करून विकला गेला. त्या राखीव जमिनीतील पश्चिमेचे कुरण ते वेस्टमीड, उत्तरेचे ते नॉर्थमीड. १८८३ मध्ये वेस्टमीडला रेल्वेचे स्थानक झाले. १९७८ मध्ये ओढ्याच्या दक्षिण तीरावर मोठे इस्पितळ उघडले आणि १९९५ मध्ये मुलांचे इस्पितळ तेथे आले. या दोन इस्पितळांनी आमच्यापैकी किती जणांस वेस्टमीडला आणले, हे वाचक जाणतातच.

ओढ्याचे खरे हाल झाले ते मात्र कारखान्याने किंवा गिरणीने नव्हे, तर तुमच्या-आमच्या घरांनी. यात कोणाचा दुष्टपणा नाही, म्हणूनच ते समजावून घेणे अगत्याचे आहे. रानात साधारण पाऊस पडला तर त्यातला फारच थोडा ओढ्यात थेट जातो. पाने, पालापाचोळा व माती तो पिऊन टाकतात, आणि जमिनीखालून झिरपत तो कित्येक दिवसांनी ओढ्यास मिळतो. म्हणून रानातला ओढा उन्हाळ्यातही थेंबथेंब चालतो. उपनगरात छप्पर, अंगण, रस्ता सारे कठीण. प्रत्येक सरीचे पाणी पन्हळीतून नळात व नळातून काही मिनिटांत ओढ्यात कोसळते. बरोबर रस्त्यावरचे तेल, बागेतले खत, कुत्र्यांची घाण व प्लॅस्टिक. एक तासभर पूर, आणि चार दिवसांनी कोरडे डबके. काठ खचतात, डोह गाळाने भरतात, किड्यांच्या नाजूक जाती नाहीशा होतात. २००५ च्या सुमारास या अवस्थेस शास्त्रज्ञांनी शहरी ओढ्याचा विकार अशा अर्थाचे नाव रूढ केले. त्यांत मेलबर्नचे संशोधक अग्रभागी होते. त्यांचे म्हणणे असे की पाणलोटातील अगदी थोडी जमीन कठीण होऊन नळांनी ओढ्यास जोडली गेली तरी ओढा आजारी पडू लागतो. ओढा मारण्यासाठी शहर भरावे लागत नाही.

हे आमच्या कुर्ल्याच्या वृद्धांस निराळे सांगावयास नको. मिठी नदीस सारी मुंबई नाला समजत होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मिठीने आपण नदी आहोत याची आठवण करून दिली. येथे तेवढा अनर्थ झाला नाही. परंतु १९८६ व १९८८ मध्ये पॅरामॅटाच्या वरच्या ओढ्यांना मोठे पूर आले आणि घरांत पाणी शिरले. त्यानंतर १९८९ मध्ये वरच्या पॅरामॅटा नदीच्या पाणलोटासाठी एक स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. त्याने एक गोष्ट फार चांगली केली. नवे बांधकाम करणाऱ्याने आपल्या आवारात पडणारे पावसाचे पाणी तेथेच टाकीत किंवा खोलगट जागेत अडवून हळूहळू सोडावे, हा नियम या पाणलोटात रुजविण्यात त्याचा मोठा वाटा होता. ट्रस्ट पुढे विसर्जित झाला, परंतु नियम राहिला. आमच्यापैकी ज्यांनी अलीकडे घर बांधले त्यांनी त्या टाकीच्या खर्चाविषयी कुरकुर केली असेल, आम्हीही केली. ती टाकी का आहे हे तेव्हा कोणी सांगितले असते तर कुरकुर थोडी कमी झाली असती.

इतके सोसूनही त्या पट्ट्यात काय उरले आहे, ते पाहण्यासाठी आम्ही नंतर तीन-चार वेळा तेथे गेलो. दिवसा प्रथम कानांवर येतो तो पट्टेरी पाणथळ बेडकाचा आवाज; टेनिसचा चेंडू बॅटवर आपटावा तसा एकेक ठोका. लांब मानेचे कासव ओंडक्यावर उन्हात बसते व चाहूल लागताच पाण्यात जाते. सायंकाळी पॅरामॅटा पार्कच्या बाजूने करड्या डोक्याची मोठी वटवाघळे उठतात. संगमाखाली नदीकाठच्या झाडांवर त्यांची वस्ती आहे. पुष्कळांना ती अशुभ वाटतात, आणि त्यांचा वास व कलकलाट सहन करणे शेजाऱ्यांना जड जाते हेही खरे. परंतु निलगिरीच्या फुलांतील पराग एका रात्रीत कित्येक कोस नेणारा दुसरा प्राणी या मुलखात नाही. ही जात आता कायद्याने संकटग्रस्त मानली जाते. तापमान ४२ अंशांच्या वर गेले की ती झाडांवरच मरू लागतात. ४ जानेवारी २०२० रोजी पश्चिम सिडनीतील पेनरिथ येथे ४८.९ अंश नोंदले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे ओढ्याकाठच्या सावलीची किंमत वटवाघळांपुरतीच नाही हे कळते.

आणखी दोन रात्रिंचर सांगण्याजोगे आहेत. एक मासे धरणारे छोटे वटवाघूळ. ते पुलांच्या व मोऱ्यांच्या फटींत राहते आणि पाण्यावरून उडत पायांच्या नख्यांनी किडे व लहान मासे उचलते. दुसरे, पॉवरफुल आउल नावाचे, नावाप्रमाणेच बलाढ्य घुबड. ते पॉसम खाऊन राहते आणि घरटे करते ते जुन्या वृक्षांच्या ढोलीत. तशी मोठी ढोली पडावयास झाडाला शंभर वर्षे अपुरी पडतात. १८५९ नंतर जी झाडे तोडली गेली त्यांच्या जागी लावलेल्यांपैकी आता कोठे काही ढोलीस आली असतील. बेडूक, कासव, मासेमार वटवाघूळ आणि हे घुबड यांची लोकांनी मते देऊन पॅरामॅटा नदीची मानचिन्हे म्हणून निवड केली. पाचवा, भरतीच्या चिखलात चरणारा प्रवासी गॉडविट पक्षी. ईल त्यांत नाही. त्याला कदाचित रग्बीवाल्यांकडून पुरेसा मान मिळत असेल.

आता तणांविषयी, कारण येथे आमच्या लोकांना अनपेक्षित ओळखी भेटतात. काठावर ठिकठिकाणी रंगीबेरंगी फुलांचे काटेरी झुडूप माजले आहे. आमच्या एका मावशींनी पान चुरगळून हुंगले व म्हणाल्या, "अगो, ही तर आपली घाणेरी!" ती घाणेरीच. अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून ती हिंदुस्थानात आली, तशीच १८४० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात. आणि दोन्हीकडे तिने मूळ झाडांस गिळले. दुसरे तण सावलीत जमिनीवर पसरते. हिरवीगार मांसल पाने, पांढरी तीन पाकळ्यांची फुले. दक्षिण अमेरिकेचे. त्याच्या तुकड्यातून नवे झाड होते, म्हणून पूर आला की ते खाली जाऊन पुन्हा रुजते. ऑस्ट्रेलियातले लोक पिढ्यान्पिढ्या त्याला 'वॉन्डरिंग ज्यू', म्हणजे भटका यहुदी, म्हणत आले. युरोपातील ख्रिस्ती लोकांच्या एका जुन्या द्वेषमूलक कथेतून आलेले हे नाव. अलीकडे त्यास बहुतेक ठिकाणी 'वॉन्डरिंग ट्रॅड' म्हणू लागले आहेत, हे चांगले झाले. परंतु तण उपटणाऱ्या एका स्वयंसेवक तुकडीत आमचे एक बंधू गेले असता एका सज्जन वृद्धाने त्यांस अगदी निरागसपणे सांगितले की येथला भटका यहुदी मुळासकट काढावयाचा आहे. आमचे बंधू म्हणाले, "काढा, पण मी स्वयंसेवक आहे." मग समजूत पटून दोघेही पुष्कळ हसले. २०१९ पासून या तणावर ब्राझीलमधून आणलेली एक बुरशी सोडण्यात येत आहे. ती त्याची पाने खाऊन त्यास दुर्बळ करते.

तण काढण्यासही शास्त्र आहे, आणि ते सिडनीतच जन्मले. मॉसमन येथील जोन व आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी १९६० नंतरच्या वर्षांत रोज फिरावयास जाताना थोडे थोडे तण काढता काढता एक पद्धत बसविली. लोक जेथे तण सर्वांत दाट तेथून आरंभ करतात. या बहिणींनी उलट केले. जेथे मूळ रान अजून चांगले आहे तेथून आरंभ करावा, माती शक्य तितकी कमी हलवावी, आणि रान जेवढ्या वेगाने परत येईल तेवढ्याच वेगाने पुढे सरकावे. उपटलेल्या जागी नवे रोप लावण्याचीही घाई नको. मातीत मूळ झाडांचे बी झोपलेले असते. टुनगॅबीच्या काठी हे कसे दिसते ते आम्ही पाहिले. एका बाजूस घाणेरीची भिंत, तिच्या अलीकडे हातांनी मोकळा केलेला वीतभर-हातभर पट्टा, आणि त्यात आपोआप उगवलेले गवत व निलगिरीची दोन पानांची रोपे. काम कंटाळवाणे आहे. वर्षभरात दोन खाटांएवढी जमीन मोकळी झाली तर मोठी गोष्ट.

खाली नदीवर झालेले काम मात्र लौकर फळास आले. चार्ल्स स्ट्रीटच्या बंधाऱ्यास व त्यावरील इतर बंधाऱ्यांस माशांसाठी पायऱ्यांसारखे मार्ग करण्यात आले. ईल तर भिंतही चढतो, परंतु बोई व ऑस्ट्रेलियन बास यांना ते जमत नाही. बासला अंडी घालण्यास खाऱ्या पाण्यात उतरावे लागते आणि त्याच्या पिलांना परत चढावे लागते. नदीकाठच्या नगरपालिका, सरकारी खाती व नागरिक यांच्या २००८ पासूनच्या एका संयुक्त मंडळाने नदी पुन्हा पोहण्याजोगी करण्याचा संकल्प सोडला. डार्लिंग मिल्सच्या वरचा तो १८५६ चा तलाव २०१५ मध्ये पोहण्यास पुन्हा खुला झाला. टुनगॅबीत उतरण्याचा सल्ला मात्र आम्ही कोणास देणार नाही, पावसानंतर तर मुळीच नाही.

आणि वेस्टमीड तर अजून भरतेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येथून कार्लिंगफर्डपर्यंत ट्राम सुरू झाली. जमिनीखालून सिडनीस जाणारी मेट्रो बांधली जात आहे. जुनी बैठी घरे जाऊन मजल्यांवर मजले चढत आहेत, आणि त्यांत राहावयास येणाऱ्यांत आमची मुले-सुनाही आहेत. त्यांना घर नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? परसातल्या मातीचा प्रत्येक तुकडा झाकला गेला की पाण्याचा तेवढा भाग ओढ्याकडे धावतो, एवढे ठाऊक असले म्हणजे अंगणात फरशी घालताना हात जरा आखडेल.

आमच्यापैकी काही कुटुंबे नव्याच्या सणास ताश्लिखसाठी याच काठावर जातात, कारण वाहते पाणी व मासे दोन्ही येथे आहेत. त्यांस एक विनंती. खिसे झटकावेत, प्रार्थना म्हणावी, परंतु पावाचे तुकडे पाण्यात टाकू नयेत. पाव बदकांना आजारी करतो, डोहात सडून पाण्यातला प्राणवायू संपवितो, आणि तळाशी जो ईल पडलेला आहे त्याला त्याचा काही उपयोग नाही.